इराणी-अमेरिकन घरातलं हसू शोधायचं कसं आणि अब्रू सांभाळून सांगायचं कसं

घरात भांडण चाललंय असं वाटलं की आधी दोन मिनिटं गप्प उभं राहून ऐकायचं, हे मी सगळ्यात आधी शिकले. लग्न होऊन लॉस एंजेलिसच्या इराणी घरात आले त्याला आता १४ वर्षं झाली, आणि पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या टेबलावर चौघंजण एकमेकांवर ओरडताना बघून मी नवऱ्याला हळूच विचारलं की काय झालं, कुणाचं काय बिनसलं, तर तो म्हणाला काही नाही गं, शेवटची तहदीग कुणी खायची ते ठरवतायत. तहदीग म्हणजे भाताच्या तळाशी मुद्दाम धरवलेली कुरकुरीत खरवड. प्रत्येकाला ती हवी होती आणि प्रत्येकजण ती दुसऱ्याच्या ताटात ढकलत होता, जोरजोरात. शेवटी खाल्ली नणंदेच्या मुलानं. तो इथेच जन्मलेला, त्याला कुणीतरी एकदाच म्हणालं तू घे, आणि त्यानं घेतली. टेबलावर एकदम शांतता.

त्या रात्री मी तो प्रसंग वहीत लिहिला आणि तिथून माझी वही सुरू झाली.

ज्यांच्या घरात इराणी सून किंवा जावई आलाय, ज्यांचे शेजारी इराणी आहेत, किंवा जे स्वतः अशा दोन भाषांच्या घरात राहतात आणि मुलांसाठी म्हणून घरातल्या गोष्टी जपून ठेवायच्यात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मला हे मनापासून महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेत इराणचं नाव निघालं की टीव्हीवर नकाशे आणि निर्बंध दिसतात, खरवडीवरून एकमेकांना आग्रह करणारी माणसं दिसत नाहीत. ती दाखवायची तर गोष्टी सांगाव्या लागतात आणि गोष्ट हसवणारी असेल तर लोक शेवटपर्यंत ऐकतात.

तर वही ठेवा. फोनमधे लिहिलंत तरी चालेल, पण त्याच दिवशी लिहा. विनोद लिहायला जाऊ नका, फक्त कोण कुठे उभं होतं, हातात काय होतं आणि नेमके कुठले शब्द बोलले एवढंच लिहा. फारसी शब्द देवनागरीत लिहिणं आपल्याला फार सोपं जातं कारण त्यातले कितीतरी आपल्या तोंडात आधीपासूनच आहेत, तंग, खाली, जिगर, दर्द, बाजार, हुशार, आणि सगळ्यात मोठा म्हणजे अब्रू. फारसीत आबेरू. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा, चेहऱ्यावरचं पाणी. इराणी घराचा अर्धा कारभार या एका शब्दावर चालतो आणि मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही, हा आपला फायदा आहे, तो वापरा.

आता तारोफ. हा शब्द नीट समजून घ्या कारण निम्म्याहून जास्त गमती इथेच सापडतात. समोरच्यानं काही देऊ केलं की आधी नको म्हणायचं, त्यानं परत आग्रह करायचा, परत नको, मग साधारण तिसऱ्या वेळेला घ्यायचं. इराणमधे टॅक्सीवाल्याला किती झाले विचारलं तर तो म्हणतो गाबेल नदारे, म्हणजे तुमच्यापुढे त्याची काय किंमत. हे खरं मानून उतरून चालायला लागलात तर पंचाईत, कारण पैसे त्याला हवेच असतात, तुम्ही दोनदा आग्रह करायचा मग तो आकडा सांगतो. इथे वेस्टवूड बुलेवार्डवर, ज्या भागाला लोक तेहरानजेलिस म्हणतात, तिथल्या किराणा दुकानातही हे ऐकू येतं, फक्त गल्ल्यावरचा माणूस गाबेल नदारे म्हणता म्हणताच कार्डाचं मशीन पुढे सरकवतो.

अमेरिकन माणसाला नको म्हणजे नको आणि घे म्हणजे घे. तोही सभ्यच असतो, तुम्ही नको म्हटलंत तर तो पुन्हा विचारत नाही कारण पुन्हा विचारणं म्हणजे जबरदस्ती असं त्याला शिकवलेलं असतं. दोघंही चांगले वागतायत आणि तरी काहीतरी गडबड होतेय, अशी जागा दिसली की तिथे थांबा, गोष्ट तिथे आहे. कुणी एक मूर्ख आणि दुसरा शहाणा असेल तर ती टवाळी होते. दोघंही आपापल्या नियमानं अगदी बरोबर असले पाहिजेत.

आमच्या निळ्या बशीची गोष्ट सांगते म्हणजे कळेल. सासूबाईंकडे, त्यांना आम्ही सगळे मामान म्हणतो, इस्फहानची मीनाकारीची एक बशी होती, त्यांच्या आईनं दिलेली, देश सोडून येताना कपड्यांत गुंडाळून आणलेली. शेजारचे अमेरिकन आजोबा एकटेच राहतात, ते एका दुपारी चहाला आले. बशीत पिस्ते ठेवलेले. आजोबा म्हणाले काय सुंदर बशी आहे हो. मामान म्हणाल्या पीशकेश, आणि त्यांना कळावं म्हणून इंग्रजीत परत सांगितलं की ही तुमचीच. आजोबांनी विचारलं खरंच? एकदाच विचारलं. मामान म्हणाल्या हो हो, खरंच. आजोबा इतके खूश झाले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाले माझी बायको गेल्यापासून मला कुणी असं काही दिलं नव्हतं. मामाननी पिस्तेही पिशवीत भरून दिले, दारापर्यंत पोचवायला गेल्या, दार लावलं आणि तिथल्याच खुर्चीत बसून म्हणाल्या खाक बर सरम, माझ्या डोक्यावर माती.

तीन दिवसांनी आजोबा परत आले. हातात तीच बशी आणि बशीत त्यांच्या अंगणातल्या झाडाची लिंबं. थँक यू म्हणून आणली होती. मामाननी लिंबं काढून घेतली. बशी आता त्यांच्या हातात, त्यांच्या स्वयंपाकघरात, नवरा मला डोळ्यांनी खुणावतोय की सुटलो एकदाचे. आणि मामाननी डब्यातली बकलावा काढली, बशीत नीट रचली आणि आजोबांना परत दिली. ते गेल्यावर नवरा म्हणाला मामान, अगं हातात होती तुझ्या! तर त्या म्हणाल्या रिकामी कशी पाठवू आणि ठेवून तरी कशी घेऊ, ती आता त्यांची आहे.

याला ११ महिने झाले. बशी अजून फिरतेय.

या गोष्टीत मी काहीही रंगवलेलं नाही आणि रंगवायची गरजही पडली नाही, कारण बारीकसारीक तपशील त्या दिवशीच वहीत लिहिला होता. आजोबांनी एकदाच विचारलं, हा एक शब्द, एकदाच, यावर सगळी गोष्ट उभी आहे. तो विसरला असता तर उरलं काय असतं, तर एका बाईनं बशी दिली. म्हणून म्हणते त्याच दिवशी लिहा.

तारोफ एकदा कानाला कळलं की सगळीकडे ऐकू येतं. दारात दोन इराणी माणसं आली की बेफर्मायीद, बेफर्मायीद, आधी तुम्ही, आधी तुम्ही, आणि दुकानाचा आपोआप सरकणारा दरवाजा दोघांच्या मधे उघडतोय मिटतोय. हॉटेलात बिल कोण देणार यावर होणारी ओढाताण आपल्याला नवी नाही, पण सासरे हात धुवायच्या निमित्तानं उठून आधीच वेटरकडे कार्ड देऊन येतात आणि दुसरे काका त्यांच्याही आधी, जेवण मागवायच्या आत, देऊन आलेले असतात, वेटर बिचारा दोन कार्डं घेऊन उभा.

मावससासूबाईंची, त्यांना आम्ही खाले म्हणतो, गोष्ट तर मला कितीदाही सांगावीशी वाटते. अमेरिका आणि इराणचे राजनैतिक संबंध एप्रिल १९८० मधे तुटले, तेहरानमधे तेव्हापासून अमेरिकेचा दूतावास नाही, त्यामुळे व्हिसाच्या मुलाखतीला इराणी लोकांना अंकारा, येरेवान किंवा दुबईसारख्या ठिकाणी जावं लागायचं. २०१२ साली खाले विमानाचं तिकीट काढून, हॉटेलात राहून, फायली घेऊन अंकाऱ्याला गेल्या. ऑफिसरनं विचारलं बहिणीकडे किती दिवस राहणार. खालेंनी लाजून सांगितलं, छे छे, त्यांना कशाला त्रास, दोनतीन दिवस. ऑफिसर म्हणाला एवढ्या लांब दोनतीन दिवसांसाठी? खाले म्हणाल्या बरं, जास्त वाटत असतील तर दोनच. त्याला वाटलं बाई काहीतरी लपवतेय, खालेंना वाटलं हा माणूस त्यांच्या बहिणीची अडचण ओळखून बोलतोय, किती भला आहे. व्हिसा मिळाला आणि त्या साडेपाच महिने राहिल्या, नियमात बसून, आणि रोज म्हणायच्या की उद्या निघते, तुम्हाला त्रास होतोय.

खाले म्हणजे मावशी. इथे आणखी एक सोन्याची खाण आहे. फारसीत काका अमू, मामा दायी, आत्या अम्मे, मावशी खाले, अगदी आपल्यासारखं चार खोल्यांचं घर, आणि इंग्रजीत सगळे अंकल आणि आंटी. मुलांच्या शाळेचा फॉर्म भरताना नातं लिहायच्या चौकटीत काय लिहायचं यावरून आमच्याकडे अर्धा तास चर्चा झालीय, सासऱ्यांचं म्हणणं दायी आणि अमू एकच लिहिलंस तर दायीला वाईट वाटेल. दायी फॉर्म वाचणार नव्हते. तरी.

शब्दशः भाषांतराची एक वेगळी यादी करा. फारसीतलं प्रेम ऐकायला भयंकर असतं. गोर्बूनेत बेरम, तुझ्यावरून कुर्बान होते. गदमेत रू चेश्म, तुझं पाऊल माझ्या डोळ्यावर. जिगरेतो बोखोरम, तुझं लिव्हर खाईन. गोड मुलाला म्हणतात मूश बोखोरदेत, तुला उंदीर खावो. आमचा मुलगा चार वर्षांचा असताना त्याला प्रीस्कूलमधे विचारलं की आजी घरी काय काय करते, तर तो म्हणाला ती माझं लिव्हर खाणार आहे आणि नंतर मला उंदीर खाणार आहे. संध्याकाळी फोन आला. मी समजावून सांगितलं, मग बाई इतक्या हसल्या की दुसऱ्या दिवशी त्यांनी मामानना वर्गात बोलावून हे सगळे शब्द फळ्यावर लिहून घेतले.

ही यादी करताना एक पद्धत सांगते, ती माझ्या फार उपयोगी पडते. तेच वाक्य तीन भाषांत मोठ्यांदा म्हणून बघा. देलम तंग शोदे. इंग्रजीत फक्त आय मिस यू, म्हणजे माणूस आठवला एवढंच. मराठीत मन तंग झालं म्हटलं की लगेच छातीत कुठेतरी कळतं. जात खाली, तुझी जागा रिकामी होती, हे सहलीहून किंवा चांगल्या जेवणाहून आलं की जो तिथे नव्हता त्याला म्हणतात. जिथे इंग्रजीत वाक्य पार विचित्र होतं आणि मराठीत ओळखीचं वाटतं तिथे मराठी वाचकाला दुहेरी मजा येते, तो हसतोही आणि त्याला आपली आजीही आठवते.

मुलांकडे कान ठेवा. दोन्ही बाजूंचे नियम ज्यांना अजून पूर्ण पाठ झालेले नाहीत ते मोठ्यांना न दिसणारं बघतात. इराणी आईवडील मुलांना स्वतःच्याच नावानं हाक मारतात, म्हणजे आई मुलीला म्हणते मामान जान आणि बाप मुलीला म्हणतो बाबा जान. शाळेच्या गेटवर माझा नवरा पाच वर्षांच्या मुलीला हाका मारत होता, बाबा! बाबा! तर शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या मुलाच्या आईनं चौकशी केली की तुमचे वडील हरवलेत का, मी मदत करू का शोधायला. नवऱ्यानं सांगितलं नाही नाही, ती बघा आली, गुलाबी दप्तरवाली.

आणि नवरोज. इराणी नवं वर्ष मध्यरात्री बारा वाजता लागत नाही, सूर्य विषुववृत्तावर येतो त्या नेमक्या क्षणाला लागतं, तेहरानमधे तोच क्षण, लॉस एंजेलिसमधे तोच क्षण. २०२४ साली तो इथे १९ मार्चला रात्री ८ वाजून ६ मिनिटांनी आला, छान, सगळे जेवून तयार. २०२५ ला आला २० मार्चला पहाटे २ वाजून १ मिनिटानं, गुरुवारी, दुसऱ्या दिवशी म्हणजे खरं तर त्याच दिवशी शाळा. मुलांना अर्धवट झोपेत उचलून हफ्त सीनच्या टेबलापाशी बसवलं. हफ्त सीन म्हणजे सीन या अक्षरानं सुरू होणाऱ्या सात गोष्टी मांडायच्या, सब्जे म्हणजे उगवलेले हिरवे अंकुर, समनू म्हणजे गव्हाच्या अंकुरांची गोड खीर, सेंजेद म्हणजे एक सुकं फळ, सीर म्हणजे लसूण, सीब म्हणजे सफरचंद, सोमाग म्हणजे एक आंबट मसाला, सेर्के म्हणजे व्हिनेगर. शेजारी आरसा, रंगवलेली अंडी, गोल्डफिश, हाफेज या कवीचं पुस्तक. त्या वर्षी सेंजेद मिळाले नव्हते. सहाच सीन झाले. मुलगा उठला, खोलीत गेला आणि स्पायडरमॅन आणून मधोमध ठेवला. म्हणाला एस.

मला वाटलं संपलं, गोड आहे, आता नवं वर्ष लागू दे. पण सासरे पुढे झुकले, घड्याळात दोन मिनिटं उरलेली, आणि म्हणाले हे चालणार नाही. फारसीत तो एस्पायडरमॅन आहे. लिहिताना आधी अलेफ हे अक्षर येतं. आणि त्यांनी पाकिटाच्या पाठीवर लिहून दाखवलं. खरंच आहे ते, फारसीत शब्दाच्या सुरुवातीला असं जोडाक्षर येत नाही, पुढे ए लागतो. नातू म्हणाला माझ्या बाहुल्याच्या खोक्यावर एस आहे. दोघंही बरोबर. मामाननी निकाल दिला की अलेफच्या लगेच मागे सीन आहेच की, आणि रात्र खूप झालीये. स्पायडरमॅन राहिला आणि १३ दिवस तिथेच होता, शेवटी सीझदे बेदरच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या तेराव्या दिवसाच्या, सहलीला अंकुर वाहत्या पाण्यात सोडायला गेलो तेव्हा त्याला हातात धरून परत आणावं लागलं, कारण नियमाप्रमाणे तोही सोडायचा का अशी चर्चा सुरू झाली होती.

इथे एक गोष्ट स्पष्टच सांगते. एस्पायडरमॅन ही उच्चारावरची थट्टा नाही. सासऱ्यांची इंग्रजी कशी आहे यावर मुलानं हसावं असं मला अजिबात वाटत नाही आणि तसं आमच्याकडे चालतही नाही. हसू येतं ते दोन लिपींच्या वादामुळे, ज्यात आजोबांकडे पुरावा आहे आणि नातवाकडेही आहे. उच्चारावर हसणं सगळ्यात सोपं असतं म्हणूनच ते सगळ्यात आधी सुचतं आणि म्हणूनच सोडून द्या. माणूस दुसऱ्या देशात येऊन नवी भाषा बोलतोय, त्यात दिवसभर ऑफिसात, बँकेत, डॉक्टरकडे त्याला दोनदा दोनदा सांगावं लागतं, घरी तरी नको.

इराणमधलेच प्रांतांवरून केलेले जोक, रश्तचे लोक असे, तुर्की बोलणारे तसे, हे पार्टीत ऐकू येतील, मोठी माणसं सवयीनं सांगतात. तेही उचलू नका. मे २००६ मधे तिथल्या एका सरकारी वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रात झुरळाच्या तोंडी अझेरी, म्हणजे तिथल्या तुर्की बोलीतला, शब्द आला, त्यावरून तब्रीझ शहरात आणि आसपास मोठी निदर्शनं झाली, व्यंगचित्रकाराला तुरुंगात टाकलं. बाहेरून घरात आलेल्या माणसानं तर त्या वाटेला जाऊच नये. मुल्ला नसरुद्दीन आहे ना, त्याच्या गोष्टी सगळ्यांच्या आहेत, आजोबांना सांगायला लावा.

आता जड गोष्टींचं काय करायचं, हे मला बरेचजण विचारतात. अशा प्रत्येक घरात काहीतरी असतं, क्रांती, युद्ध, तुरुंग, न भेटलेले आईवडील. माझं मत असं की तिथे हसू शोधायला आपण जायचं नाही. ज्याचं दुःख आहे त्यानं स्वतः हसत सांगितलं तर बसून ऐकायचं, आणि तेव्हाही वही नंतर उघडायची.

सासरे १९७७ ला इंजिनिअरिंग शिकायला ओक्लाहोमात आले. तेव्हा इथे इराणी विद्यार्थी खूप होते, १९७९-८० मधे ५० हजारांच्या वर, परदेशी विद्यार्थ्यांत सगळ्यात जास्त तेच. ४ नोव्हेंबर १९७९ ला तेहरानच्या अमेरिकन दूतावासात लोकांना ओलीस धरलं, त्यातले ५२ जण ४४४ दिवस तसेच होते. त्याच नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सरकारनं सगळ्या इराणी विद्यार्थ्यांना इमिग्रेशनकडे हजर होऊन कागदपत्रं दाखवायला सांगितली. सासरे तेव्हा बावीस वर्षांचे. सांगतात की रात्रभर झोप नाही, सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गेले, रांगेत सगळे इराणी, सगळे घाबरलेले, परत पाठवलं तर काय. खिडकीतून आवाज आला, नेक्स्ट. आणि सगळ्यात पुढचा मुलगा बाजूला झाला आणि मागच्याला म्हणाला बेफर्मायीद. तो म्हणाला शक्यच नाही, तुम्ही. तिसरा म्हणाला तुम्ही वयानं मोठे. खिडकीतला माणूस परत म्हणाला नेक्स्ट, आणि रांग पुढे जायच्या ऐवजी मागे मागे सरकायला लागली. सासरे म्हणतात, एवढ्या भीतीतही आमच्या आईचं शिक्षण सुटलं नाही बघ.

ते हे सांगतात तेव्हा स्वतः आधी हसतात, मग चष्मा पुसतात. मी ही गोष्ट त्यांना विचारूनच इथे लिहिलीय. २०१७ च्या जानेवारीत इराणी लोकांना अमेरिकेत यायला बंदी घालणारा आदेश निघाला त्या रात्रीही त्यांनी हीच गोष्ट सांगितली होती, नातवंडांना, कुणीही मागितली नसताना.

विचारण्यावरून आठवलं, अब्रूचा प्रश्न. कुणाचीही गोष्ट बाहेर सांगण्याआधी आधी त्यांनाच ऐकवा. नुसतं सांगू का असं विचारू नका, कारण तारोफमधे ते हो म्हणतील, अगदी नको असलं तरी. पूर्ण गोष्ट ऐकवा आणि चेहरा बघा. हसले आणि लगेच स्वतःचं काहीतरी जोडायला लागले तर पक्कं. हसले आणि विषय बदलला तर ती गोष्ट घरातच ठेवा. पैसे, लग्न जमवणं, कुणाचं आजारपण, कुणी नमाज पढतं आणि कुणी नाही, या गोष्टी माझ्या वहीत आहेत पण वहीबाहेर जात नाहीत.

गोष्टी मिळतात कुठे? यल्दाच्या रात्री, २० किंवा २१ डिसेंबर, वर्षातली सगळ्यात लांब रात्र, डाळिंब आणि कलिंगड खात सगळे जागतात, हाफेजची फाल काढतात, म्हणजे त्याचं पुस्तक उघडून भविष्य बघतात, म्हातारी माणसं रंगात येतात. तेहरानच्या फोनवर. लॉस एंजेलिस आणि तेहरानमधे उन्हाळ्यात साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा तासांचा फरक, कुणीतरी कायम कुणालातरी झोपेतून उठवत असतं आणि उठवलेला माणूस म्हणतो नाही नाही, जागाच होतो. आणि सगळ्यात जास्त निरोपाच्या वेळी. इराणी घरात खोदाहाफेज म्हटल्यापासून गाडी सुरू होईपर्यंत एक तास जातो, बूट घालून झालेले असतात, हातात उरलेल्या गोर्मेसब्जीचा, म्हणजे पालेभाज्यांच्या रश्श्याचा, डबा असतो, आणि रात्रभर जे कुणी बोललं नाही ते दारात बाहेर येतं. त्या वेळी आत भांडी आवरायला जाऊ नका, दारातच उभ्या राहा.

सांगताना समजावत बसू नका एवढंच सांगेन. आधी इराणी रीत थोडक्यात सांगा, मग गोष्ट, मग गप्प. बाथरूममधे झारी का असते हे ज्याला माहीत आहे त्या मराठी माणसाला आमच्या अमेरिकन पाहुण्यानं ती झारी घेऊन खिडकीतल्या सगळ्या झाडांना प्रेमानं पाणी घातलं, एवढं सांगितलं की पुरतं. अमेरिकन मित्रांना सांगायची असेल तर झारीचं काम गोष्टीच्या आधी सांगा, नंतर सांगितलंत तर तो धडा होतो. आणि ज्याच्यावर गोष्ट आहे तो हजर असेल तर शेवटचं वाक्य त्याला बोलू द्या, ते तुमच्यापेक्षा चांगलंच बोलतात.

हे सगळं लिहून झाल्यावर काल मी मामानना वाचून दाखवलं, मराठीतून फारसीत करत करत, निम्मे शब्द तर बदलावेच लागले नाहीत. बशीची गोष्ट ऐकताना त्या हसल्या, मग म्हणाल्या पिस्ते नव्हते, बदाम होते. मी म्हटलं वहीत पिस्ते लिहिलेत. त्या म्हणाल्या मग वही बरोबर असेल, तुझंच खरं. तीन वेळा म्हणाल्या. मग उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून हाक आली की बशी परवापासून आपल्याकडे आहे, आजोबांना वाट बघायला लावणं बरं दिसत नाही, ये जरा, दोल्मे भरायला हात लाव.